औषधाच्या खोक्यातला कागद

2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं आणि आयुष मंत्रालयानं ते झटक्यात फेटाळलं. तेव्हापासून आमच्या पुण्याच्या नातेवाइकांत दोन तट आहेत. काका म्हणतात, हा ॲलोपॅथीवाल्यांचा डाव. मावसभाऊ म्हणतो, काढेबिढे सगळं थोतांड. इकडे शांघायमध्ये बसून मला दोघांचंही पटत नाही, आणि त्याला कारण आहे एक चिनी वेल.

तिचं नाव लेइगोंगतेंग. पूर्वी शेतकरी ती कीड मारायला वापरत, यावरून काय ते समजा. तिच्या मुळाचा अर्क संधिवातावर देतात (ऱ्हुमॅटॉइड, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो; म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे). चीनमध्ये 207 रुग्णांवर 24 आठवडे झालेली चाचणी 2014 साली प्रसिद्ध झाली. मेथोट्रेक्सेट या नेहमीच्या ॲलोपॅथी औषधानं 46 टक्के रुग्णांचा त्रास निम्म्यानं तरी उतरला, नुसत्या वेलीनं 55 टक्क्यांचा, दोन्ही मिळून 77 टक्क्यांचा. कोण काय घेतंय हे डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होतं, त्या अपेक्षेनं वाटलेला फरक वजा करावा लागेल. पण मावसभावानं तुच्छतेनं हसण्यासारखे हे आकडे नाहीत.

आता काकांसाठी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी याच अर्काच्या गोळ्या घेतात, शिवाय रुग्णालयातच उकळून पिशव्यांत भरलेला काढा. ती पिशवी आजी गरम पाण्याच्या वाडग्यात बुडवून ठेवतात आणि वाकड्या झालेल्या बोटांनी कात्रीनं कोपरा कापतात. गोळ्यांच्या खोक्यातला कागद त्यांच्या सुनेनं मला वाचून दाखवला: मुलांना देऊ नये, मूल हवं असलेल्या स्त्री-पुरुषांनी घेऊ नये, रक्त, यकृत, मूत्रपिंड तपासत राहावं. पाळी बंद होऊ शकते, पुरुषांचे शुक्राणू घटू शकतात. आजी सत्तरीच्या, म्हणून त्यांना दिलं. नातीला दिलं नसतं. 2012 मध्ये हे इशारे कडक करायला लावले ते चीनच्याच औषध प्रशासनानं. त्यानं चिनी वैद्यकाची अब्रू गेली नाही.

चीनचे गोडवे गायचे नाहीत मला. सांधेदुखीवर खपणाऱ्या एका औषधी दारूला ‘विष’ म्हटलं म्हणून ग्वांगझौच्या एका डॉक्टरला 2018 मध्ये तीनेक महिने कोठडीत काढावे लागले. शंका सरकारनं घेतली तर चालते, एकट्यादुकट्यानं घेतली तर नाही.

आपल्याकडे बोलायला सहसा कुणी अडवत नाही, पण प्रत्येक तक्रारीला आधी जात विचारतात: तू आयुर्वेदवाला की ॲलोपॅथीवाला? आयुष औषधांचे दुष्परिणाम नोंदवायची सरकारी यंत्रणा 2018 पासून आहे. मुंबईच्या त्या रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली, किती, किती दिवस, सोबत आणखी काय, यकृत आधीपासून बिघडलेलं होतं का, हे वैद्य आणि यकृततज्ज्ञांनी एकत्र बसून तपासायला हवं होतं. कदाचित गुळवेल निर्दोष ठरली असती, कदाचित तिच्याही बाटलीवर दोन ओळींचा इशारा आला असता. काकांना आणि मावसभावाला मग निदान एकाच कागदावरून भांडता आलं असतं.