रोल एक, रोल दोन

ज्या मोठ्या छपाई मशीनच्या जाहिरातीत ‘एकाच वेळी दोन रोल’ असं छापलेलं असतं, त्या मशीनपाशी एकाच वेळी तीन माणसं लागतात. एक रोल धरायला, एक पडद्यावरचं वाचायला आणि एक खुर्चीत बसून “जरा डावीकडं घे की!” म्हणायला. सांगलीतल्या आमच्या दुकानात ही तिसरी जागा मालकांनी स्वतःसाठी राखून ठेवलीय.

मशीन 44 इंची, म्हणजे तेवढ्या रुंदीचा रोल घेणारं. वरच्या खणात 24 इंचाचा साधा प्लॉटर पेपर. त्यावर इंजिनिअर लोकांचे ए-वन मापाचे नकाशे निघतात. नकाशाची रुंदी 594 मिलिमीटर, रोलची 610. खालच्या खणात 44 इंची फोटो पेपर नाहीतर कॅनव्हास. ऐकायला किती सुटसुटीत! पण हा खालचा खण जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. 260 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 260 ग्रॅमचा, 30 मीटरचा रोल म्हणजे नुसता कागदच साडेआठ किलोच्या वर, शिवाय रोलच्या नळीतून घालायचा दांडा, म्हणजे स्पिंडल. तो उकिडवं बसून, दोन्ही टोकं एकदम खोबणीत टेकवायची. हे डिझाइन करणाऱ्याला गुडघे नसावेत.

त्यात नकाशाच्या रोलची नळी 2 इंची आणि फोटो पेपरची 3 इंची. जाड नळीसाठी स्पिंडलच्या दोन्ही टोकांना अडॅप्टर चढवावे लागतात. त्यातला एक नेहमीच हरवलेला असतो आणि नेहमीच मालकांच्या टेबलावर सापडतो. फॅननं बिलं उडू नयेत म्हणून त्यांनी तो वर ठेवलेला असतो. मागायला गेलं की विचारतात, “मग बिलांवर काय ठेवू?”

कागदाची छपाईची बाजू ओळखायला कोपऱ्याला ओलसर बोट लावायचं. जी बाजू बोटाला चिकटते, तिच्यावर शाईसाठीचा लेप. पद्धत अगदी बरोबर आहे, पण मालक ती भडंग खाता खाता वापरतात. त्यामुळे आमच्याकडच्या चकचकीत फोटो पेपरच्या कोपऱ्यावर तेलाचा आणि तिखटाचा एक लालसर ठसा असतो, अगदी रेषांसकट. तेवढा तुकडा कापून टाकला की रोलचं तोंड वाकडं होतं आणि मशीन ‘कागद तिरका आहे, पुन्हा लावा’ म्हणून अडून बसतं. त्याचंही खोटं नाही. रोलची कड स्पिंडलच्या चकतीला नीट भिडली नाही, की सुरुवातीचा केसाएवढा तिरकेपणा दोन-तीन मीटरवर बोटभर होतो.

पण खरी मेख पुढंच आहे. आमच्या मशीनला आत काय लावलंय ते दिसत नाही. तुम्ही पडद्यावर जे निवडाल त्यावर ते डोळे झाकून विश्वास ठेवतं. शाई किती सोडायची, ती सोडणारं हेड किती उंच ठेवायचं, कागद किती पुढं सरकवायचा, सगळं त्या एका निवडीवर. आत कॅनव्हास आणि पडद्यावर ‘साधा कागद’ असेल तर हेड घासत जातं. उलटं केलं तर साधा कागद शाई पिऊन पिऊन लाटा मारतो. पावसाळ्यात तो मुळातच दमट असतो, त्याला तेवढंच निमित्त पुरतं.

हे सगळं जमवून दोन्ही रोल एकदाचे बसले, की दारात कुणीतरी येतंच. “भाऊंचा बड्डे हाय, फ्लेक्स काढून द्या.” ही शाई पाण्याची, फ्लेक्सवर धरत नाही, त्याला सॉल्व्हेंटचं मशीन लागतं, असं सांगितलं की तो आधी मशीनकडं बघतो, मग माझ्याकडं. “एवढं मोठं मशीन आन् फ्लेक्स न्हाई?”

मशीन बसवायला आलेल्या माणसानं जाताना एक सोय करून दिली होती. रोल आपोआप निवडला जाईल, कागदाचा प्रकार ‘कुठलाही’. “तुम्हाला बघायलाच नको,” म्हणाला. त्याप्रमाणं आम्ही बघितलं नाही. खालच्या खणात कॅनव्हास होता, कुणाच्या तरी वास्तुशांतीसाठी गणपती मंदिराचा फोटो काढायला. वरचा रोल संपत आलेला. इंजिनिअरसाहेबांचा नकाशा सोडला. वर पुरेसा कागद नाही हे मशीननं मोजलं आणि कुणाला न विचारता खालचा रोल घेतला.

मालकांनी तो बाहेर येताना पाहिला आणि भडंगाचा घास हातातच राहिला. 44 इंची कॅनव्हासवर एका कडेला तळमजला, शेजारी वीस इंच कोरं. त्यात कॅनव्हास जाड, म्हणून तिथं कटर बंद ठेवलेला. मी कात्री घेऊन कापायला बसलो. संडास आणि जिना यांच्यामधली दहा फुटांची बोळ कॅनव्हासच्या विणीवर अशी काही उठून दिसत होती, की क्षणभर मलाच त्या घरात राहायला जावंसं वाटलं.

तेवढ्यात साहेब आले. नकाशा हातात घेतला, बोटानं चाचपला, उजेडाकडं धरला.

“कापडावर काढलाय व्हय?”

मालक तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, “झकास! फाटायचं भ्याव न्हाई, साइटवर गवंडी कायबी करू देत. उरलेले सातबी असेच काढा. रेट नेहमीचाच न्हवं?”