मुलीने दृढीकरणाला नाव दिलं नाही

गेल्या महिन्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दृढीकरणाच्या वर्गासाठी नावं घेतली. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. ती तान्ही असताना आम्ही तिला बाप्तिस्म्याला नेलं, तेव्हा तिच्या वतीने वचन आम्ही दिलं होतं. दृढीकरणात ते वचन तिने सगळ्या मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने द्यायचं, आणि मग प्रभूभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीत, सहभागी व्हायचं. आमच्या घरात चार पिढ्या असंच झालं आहे. ती म्हणाली, "मम्मी, मला अजून नक्की माहीत नाही. माहीत नसताना हो म्हटलं तर ते खोटं नाही का होणार?"

दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. नात्यातल्या एका काकांनी सांगितलं, "अजून अठराची कुठे झालीय? तुम्ही नाव देऊन टाका, पोरं नंतर समजतात." मलाही क्षणभर तेच बरं वाटलं. मग आजी आठवली, आणि गेले तीन आठवडे जे मनात घोळतंय ते इथे लिहायला बसले.

आजी नगर जिल्ह्यातली. आजोबांना गिरणीत काम मिळालं म्हणून भायखळ्याला आली. दहा बाय बाराची खोली, माणसं नऊ. तिथे प्रार्थनेला खोली कुठली आणि दार कुठलं? पण प्रभू येशूने सांगितलंय ना, प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याशी बोल. आजी पहाटे पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायची. तेच तिचं दार. त्या वेळी तिला कोणी हाक मारायची नाही, आजोबांनीसुद्धा नाही. 'गुप्तवासी' हा शब्द मी लहानपणी तिच्याच तोंडून ऐकला. देव आणि माणूस यांच्यामध्ये एक जागा अशी आहे जिथे तिसऱ्याने पाऊल ठेवायचं नाही, एवढं मला तेव्हापासून कळत आलं आहे.

आजी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं म्हणायची. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई, मात्र नंतर कित्येक वर्षं हिंदूच राहिल्या. किती रडल्या, किती भांडल्या, हे मराठी वाचकाला मी सांगायला नको. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतः विचार करून झाल्या, नवरा झाला म्हणून नव्हे. एकाच ताटात जेवणाऱ्या नवराबायकोचा विश्वाससुद्धा एकाचा दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. आणि हेच टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडतात, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येशूचे शिष्य म्हणून बसू शकतील! १९१९ मध्ये ते गेले, दरबार फार चालला नाही. पण आमच्या मराठी मंडळ्यांनी ही गोष्ट जितकी जपायला हवी होती तितकी जपली नाही, असं मला मनापासून वाटतं.

याच मुंबईतली आणखी एक गोष्ट आहे, ती मला सारखी टोचते. १८४३ साल. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणारे दोन ब्राह्मण भाऊ, नारायण शेषाद्री आणि श्रीपत शेषाद्री. दोघांचंही मन ख्रिस्ताकडे वळलं. मोठ्या नारायणने सप्टेंबरमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे तो पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, झाला, जालन्याकडे त्याने मोठं काम केलं. धाकटा श्रीपत अल्पवयीन होता. वडील तेव्हाच्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला-जेवला होता, म्हणून त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर शहरात मोठं वादळ उठलं. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं म्हणून खटपट केली, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. मिशनरी, वडील, न्यायाधीश, शास्त्री, पंच, सगळे त्या मुलावर बोलत होते. त्या मुलाचं स्वतःचं म्हणणं काय होतं, ते या सगळ्या गलक्यात किती जणांनी ऐकलं?

ही गोष्ट मी लहान असताना ऐकली तेव्हा मला वडिलांचा राग यायचा. आज मीच त्या वडिलांच्या जागी उभी आहे, फक्त बाजू उलटी. माझ्या मुलीला मला ख्रिस्ताकडे ओढायचंय, एवढाच फरक.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म आला. त्यात 'धर्म' असा रकाना. तिने विचारलं, "इथे काय लिहू?" तेव्हा मला २०१४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आठवला. येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी काही माणसं सरकारी मुद्रणालयाकडे गेली होती. राजपत्रात आमच्या नावापुढचा 'ख्रिस्ती' काढा आणि 'कोणताही धर्म नाही' असं छापा, ही त्यांची मागणी. त्यांचं म्हणणं असं की येशू देवाचं राज्य घेऊन आला, धर्म स्थापन करायला आला नाही. मुद्रणालयाने नकार दिला. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने सांगितलं की घटनेच्या २५ व्या कलमातल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात 'मी कोणत्याच धर्माचा नाही' असं म्हणण्याचाही हक्क येतो, आणि तुमचा धर्म सांगाच अशी सक्ती सरकार कोणावर करू शकत नाही.

निकाल आला तेव्हा आमच्या मंडळीत बरेच जण चिडले होते. मीही चिडले होते. ख्रिस्तावर विश्वास आहे आणि ख्रिस्ती म्हणवून घ्यायचं नाही, हा काय प्रकार? आधीच महाराष्ट्रात आपण शंभरात एकसुद्धा नाही, २०११ च्या जनगणनेत पावणेअकरा लाखांच्या आसपास, त्यात ही गळती! आज त्या चिडण्याची मला लाज वाटते. मला माणसं मोजायची होती. देव मोजतो तो हृदयाने, आणि ते हृदय कोर्टाला दिसत नाही, मुद्रणालयाला दिसत नाही, मलाही दिसत नाही. कोर्टाने तेवढंच तर मान्य केलं होतं.

धर्मनिरपेक्ष सरकार म्हटलं की आमचे लोक दोन प्रकारे बोलतात. एक म्हणजे, ते आपलं संरक्षण करतं, आपण अल्पसंख्य ना. दुसरे म्हणतात, निरपेक्ष म्हणजे देवाला न मानणारं, तेव्हा त्याचं कौतुक विश्वासणाऱ्याने का करावं? मला दोन्ही पटत नाहीत. उद्या या देशात शंभर टक्के ख्रिस्ती असते तरी मी धर्मनिरपेक्ष सरकारच मागितलं असतं. कारण भीतीने, लालचेने किंवा शिक्क्याने आलेला विश्वास येशूला नकोच आहे. तो दाराशी उभा राहून ठोकतो, दार मोडून आत येत नाही. सरकारकडे तर दार मोडायचीच हत्यारं असतात.

१७ ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत उद्देशिकेवर चर्चा चालली होती. ह. वि. कामत यांनी सुचवलं की सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी करावी. कामतांची श्रद्धा खरी होती, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण पूर्णिमा बॅनर्जी उठल्या आणि त्यांना विनवलं, देवावर मत टाकायची वेळ आमच्यावर आणू नका. हृदयनाथ कुंझरू म्हणाले की श्रद्धेची गोष्ट आपण सामूहिकपणे कोणावर लादू नये, ज्या उद्देशिकेत श्रद्धेचं स्वातंत्र्य देतोय तिलाच ते धरून नाही. तरीही मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. मी रोज प्रार्थना करणारी बाई आहे, आणि मी त्या ६८ मतांबद्दल देवाचे आभार मानते. देवाचं नाव बहुमताने छापलं जाणार असेल तर दुसऱ्या दिवशी ते बहुमताने बदललंही जाईल. माझ्या आजीच्या पदराआडचा देव अशा हात वर करण्यावर टिकलेला नव्हता.

आता आपल्याच लोकांशी थोडं कडक बोलते, राग मानू नका. मागे एका निवडणुकीच्या आधी मी एका उपासनेला पाहुणी म्हणून गेले होते. वेदीजवळून सांगितलं गेलं, अमक्याला मत द्या, तो आपल्या लोकांचं बघेल. मी उपदेश संपायच्या आत उठून बाहेर आले. सांताक्रूझच्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी जानेवारी २०१७ मध्ये निकाल दिला की उमेदवाराच्या किंवा मतदाराच्या, कोणाच्याही धर्माच्या नावाने मत मागणं हे निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण आहे. चार विरुद्ध तीन असा तो निकाल होता. दुसऱ्यांनी देवाच्या नावाने मतं मागितली की आम्ही हाच निकाल पुढे करतो. मग आमची वेदी त्यातून सुटते का? कैसराचं, म्हणजे रोमन बादशहाचं, कैसराला द्या असं म्हणणाऱ्या येशूच्या वेदीवरून कैसराचा प्रचार!

त्या नाण्याच्या गोष्टीत, कैसराला कर द्यावा का असं लोक विचारतात तेव्हा, येशू नाणं मागून आधी विचारतो, यावर चित्र कोणाचं? कैसराचं. मग ते त्याला परत द्या. पण ज्याच्यावर देवाची प्रतिमा आहे ते काय, हे तो बोलून दाखवत नाही. पवित्र शास्त्राचं पहिलं पान वाचलेल्याला उत्तर ठाऊक असतं, ती प्रतिमा माणसावर आहे. म्हणजे कर कैसराला द्यायचा, माणूस मात्र त्याच्या हवाली करायचा नाही.

आणि सरकारशीही मला भांडायचं आहे. आमचं घराणं पूर्वाश्रमीचं महार. गावात एकच वस्ती, एकच भिंत मध्ये. भिंतीपलीकडचे भाऊबंद बौद्ध झाले, अलीकडचे आम्ही ख्रिस्ती. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात तिसरा परिच्छेद आहे. हिंदूशिवाय कोणी अनुसूचित जातीत धरला जाणार नाही असं त्यात लिहिलं होतं. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ते आले याचा मला आनंदच आहे, त्यांचा हक्कच होता. पण ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. चुलतभाऊ दाखल्यासाठी कचेरीत गेला तर समोरच्या माणसाने कागद उलटून विचारलं, "चर्चला जाता का?" भावाचा पणजोबा मेलेली ढोरं ओढायचा. त्याच्या पाठीवरची जात येशूचं नाव घेतल्याने गावाने पुसली नाही, फक्त सरकारने पुसली. कोण कुठल्या देवाला हात जोडतो हे पाहून मदत द्यायची की नाही ठरवणं, याला मी धर्मनिरपेक्ष कसं म्हणू?

जात आमच्या मंडळ्यांतही आहे. लग्न जमवताना पूर्वीचं गाव आणि पूर्वीचं आडनाव हळूच विचारतात. ते पाप आमचं आहे, आणि ते आम्हीच निस्तरायला हवं. पण म्हणून सरकारला ती सबब मिळत नाही.

धर्मांतराच्या कायद्यांवर सध्या सगळीकडे बोललं जातंय. हिमाचल प्रदेशात २००६ च्या कायद्यात धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्याला नोटीस द्यायची अट होती. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती रद्द केली. कोणाला फसवून, पैसे देऊन, धमकावून ख्रिस्ती करत असतील तर त्यांना जरूर धरा. तो गुन्हा सरकारच्या आधी ख्रिस्ताविरुद्ध आहे. पण रात्री तीन वाजता एखादा माणूस गुडघे टेकून रडतो आणि उठतो तेव्हा वेगळा असतो, त्याने एक महिना आधी अर्ज कुठल्या खिडकीवर करायचा?

तर मुलीच्या फॉर्मचं. निकाल काय होता तो मी तिला सांगितला आणि स्वयंपाकघरात गेले. त्या रकान्यात तिने काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पाळकसाहेबांना फोन करून म्हटलं, या वर्षी तिचं नाव धरू नका, ती सांगेल तेव्हा सांगेल. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. प्रार्थना करतो."

उपासनेला ती येते. तिला कोणी ओढून आणत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजनाचं ताट बाकांवरून हातोहात फिरतं. माझ्याकडून ते तिच्याकडे जातं. ती दोन्ही हातांनी धरते, क्षणभर थांबते, आणि पलीकडच्या म्हाताऱ्या मावशींपुढे करते. त्यांचा हात कापतो म्हणून त्यांचा तुकडा उचलून होईपर्यंत ताट तीच धरून ठेवते.