खुलासा: बर्फ थांबला तरी गाड्या उशिरा का?

सध्या एक मेसेज फिरतोय: बर्फ पडायचा थांबला की तासाभरात गाड्या वेळेवर धावायला हव्यात, तरीही उशीर झाला तर ती कर्मचाऱ्यांची सुट्टीतली कामचुकारी. हे चुकीचं आहे.

रेल्वेची खरी अडचण सांध्यात असते, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते तिथे. सरकणारी पट्टी मूळ रुळाला घट्ट टेकली तरच सिग्नल मिळतो. मधल्या फटीत बर्फाचा खडा अडकला तर सिग्नल लालच राहतो, आणि राहायलाच हवा, नाहीतर गाडी घसरेल. सांध्यांना हीटर बसवतात, पण धावत्या गाडीखालून निखळून पडलेला बर्फाचा गठ्ठा त्यानेही लगेच वितळत नाही. तोवर गाड्या आणि चालक भलतीकडेच अडकून पडतात, चालकांचे कामाचे तास संपतात.

सुट्टीचा मुद्दा मात्र अगदीच निराधार नाही. सणाच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी रविवारचं वेळापत्रक लागतं: फेऱ्या कमी, शेवटची गाडी लवकर. पण ते आधीच ठरलेलं असतं. त्यावरून पहाटेच्या गारठ्यात सांधे साफ करणाऱ्यांना कामचुकार म्हणणं हा अन्याय आहे. निघण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक बघा आणि शेवटच्या गाडीवर विसंबू नका.