मारुती ८००ची टाकी, पंप आणि बिल: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या तक्रारी चार: गळक्या टाकीला डाग मारून (वेल्डिंग करून) भागलं असतं तिथे टाकी बदलून ११,४०० रुपये बिल केलं, चालू पंप उगाच बदलला, गाडी चार दिवस अडकवली, आणि आता टाकी फुल्ल केली की पेट्रोलचा वास येतो. पहिल्या तिन्हींचं उत्तर इथे देतो. चौथीसाठी गाडी बघावी लागेल.

तुमची ८०० २००६ची, कायम किनाऱ्यालगत वापरलेली. टाकीचे दोन अर्धे पत्रे जिथे जोडलेले असतात त्या कडेवर चिखल बसतो, खाऱ्या हवेत तो धड सुकत नाही आणि पत्रा बाहेरून खातो. ही टाकी तर आतूनही गेली होती. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात, तळाला बसतात आणि तिथून गंज धरतो. गळती दिसत होती एकाच जागी, पण टोच्याने दाबल्यावर कडेला आणखी तीन ठिकाणी पत्रा आत गेला. अशा पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, उलट भोक वाढतं.

शिवाय रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एका ठिणगीने भडका उडतो, आणि रिकाम्या टाकीत तेवढी वाफ सहज उरते. पाणी भरून डाग मारणारे आहेत, आम्ही ते काम घेत नाही. आधी कुणीतरी लावलेली इपॉक्सी पुटी सुटून आली होती, कारण ओल्या, गंजलेल्या पत्र्यावर ती चिकटतच नाही. (रस्त्यात गळती लागली तर धुण्याचा साबण दाबून लावा. पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही, गॅरेजपर्यंत पोचवतो. त्यापुढे नाही.)

पंप चालू होता, हे खरं. पण पंपाची पेट्रोल गाळणारी जाळी गंजाच्या चिखलाने बुजलेली होती आणि दाब दोन बारच्याही खाली होता. या इंजिनाला अडीच-तीन बार लागतो. बुजलेल्या जाळीतून ओढताना पंप तापतो, आणि चढावर गाडी दम सोडत होती ती त्यामुळेच. या गाडीत टाकी उतरवल्याशिवाय पंप हाताला लागत नाही. जुना पंप नव्या टाकीत घातला असता आणि तो दोन महिन्यांनी बसला असता, तर उतरवायची मजुरी पुन्हा तुम्हालाच पडली असती.

बिल असं: टाकी ४,२००, पंप असेंब्ली ३,९००, फिल्टर, होज, क्लॅम्प आणि सील मिळून १,२५०, मजुरी २,०५०. होज बदलले कारण जुनं रबर फुगून मऊ झालं होतं. इथेनॉल जास्त असलेल्या पेट्रोलसाठी ते बनलेलंच नव्हतं.

दिवसांचं म्हणाल तर एक दिवस टाकी यायला गेला, दोन पावसात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यात साचून राहते. म्हणून हे काम आम्ही खड्ड्यावर किंवा बंद शेडमध्ये करत नाही, उघड्यावर रॅम्पवर करतो. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडायची, पेट्रोल हातपंपाने काढायचं. तुमचं पेट्रोल गाळून परत भरलं. तळातलं लिटर-दीड लिटर पाणी आणि गंज असलेलं होतं, ते भरलं नाही. तो कॅन ठेवलाय.

आता वासाचं. याकडे दुर्लक्ष नको. फक्त फुल्ल टाकीला वास येत असेल तर गळती वरच्या बाजूला: भरण्याचा मोठा होज, हवेची नळी किंवा पंपाच्या झाकणाचं सील. गाडी चालवल्यावर दर वेळी येत असेल तर दाबाची लाइन, बहुतेक फिल्टरजवळचा क्लॅम्प. तुमच्या वर्णनावरून पहिलं वाटतं. आमच्या बसवण्यात किंवा सीलमध्ये दोष निघाला तर मजुरी आणि सामान दोन्ही आमचं.

गाडी येईपर्यंत टाकी अर्ध्याच्या वर भरू नका, पावपेक्षा खालीही नेऊ नका, कारण पंप पेट्रोलनेच थंड राहतो. बंदिस्त पार्किंगमध्ये लावू नका. खाली थेंब दिसला तर चालवूच नका, फोन करा, आम्ही येतो. रविवार सोडून कधीही या, भरून बघायचं पेट्रोल इथेच घालू. जुनी टाकी आणि पंपही ठेवलेत, टोचा स्वतः लावून बघा.