आठ जणांचा सूर्यास्त

पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले की सूर्यास्त दिसतो आणि पेला ओठांना लावला की वाइन पिता येते. या दोन्ही कामांसाठी मार्गदर्शक लागतो, असे मला चाळिशी उलटेपर्यंत कोणी सांगितले नव्हते. नाशिकने ही उणीव आता भरून काढली आहे. गंगापूर धरणाच्या आसपास द्राक्षमळे, वाइनरी आणि जलाशयाकडे तोंड केलेल्या गच्च्या यांची एवढी दाटी झाली आहे की सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याचे लोक पैसे भरून तिथे सूर्य बुडताना बघायला येतात, आणि ज्यांना अशा लोकांची गर्दी सोसवत नाही त्यांच्यासाठी ‘छोट्या गटाची खास सहल’ असा अधिक पैशांचा प्रकार उपलब्ध आहे. जास्तीत जास्त आठ माणसे, एक गाइड, पाच वाइन आणि एक सूर्यास्त.

मोठ्या गटाची आपल्याकडे उगाचच बदनामी झालेली आहे. पन्नास माणसांच्या बसमध्ये मागच्या बाकावर डोळे मिटून पडलेल्या गृहस्थाला कोणी काही विचारत नाही. जेवणाच्या वेळी तो आपोआप जागा होतो आणि परतीच्या हजेरीत ‘आहे’ म्हणतो, एवढ्यावर त्याची सहल यशस्वी ठरते. आठ जणांत ही सोय राहत नाही. तिथे प्रत्येकाला आनंद होतो आहे की नाही यावर गाइडचे जातीने लक्ष असते, आणि ज्याला तो होत नसेल त्याच्याजवळ येऊन त्याची विचारपूस केली जाते.

ही सहल आम्हांला मेहुणीने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून दिली होती. तिने आधी २६ जानेवारीचे आरक्षण केले, मग प्रजासत्ताक दिन हा ‘ड्राय डे’ असतो हे कोणीतरी तिच्या लक्षात आणून दिल्यावर ते पुढच्या दिवसावर ढकलले. दोघांच्या तिकिटावर तिसरे निम्म्या दरात मिळत असल्याने तिने तेही घेऊन ठेवले होते. ही तिसरी जागा सौ.च्या भाऊमामांकडे गेली. भाऊमामा निफाड तालुक्यातले जुने द्राक्ष बागायतदार, आमचा मुक्काम त्यांच्याच घरी, आणि मुख्य म्हणजे ते माळकरी. ‘‘जावईबापू, पिण्याचं तुम्ही बघा, मी बाग बघतो,’’ असे म्हणून ते टोपी घालून गाडीत बसलेसुद्धा.

गाडीत ओळखपरेड झाली. प्रत्येकाने नाव, गाव आणि आवडती वाइन सांगायची होती. अंधेरीच्या नवविवाहित जोडप्याने दोन फ्रेंच नावे घेतली. पुण्याच्या संगणक कंपनीतल्या दोन मित्रांनी आणखी दोन घेतली. बोरिवलीच्या सेवानिवृत्त गृहस्थांनी ‘‘कोणत्या साली काढलेली, त्यावर अवलंबून आहे’’ असे सांगून सगळ्यांना गार केले. माझी पाळी आली तेव्हा मी ‘‘लाल’’ म्हणालो. गाइडने मान डोलावली, पण ती ज्या दयाळूपणे डोलावली त्यावरून पुढचे तीन तास तो माझ्याकडे विशेष लक्ष देणार हे मला कळून चुकले. भाऊमामांनी शर्टाच्या आतली तुळशीची माळ काढून दाखवली आणि ‘‘आमचा फक्त माल, बाकी काही नाही’’ असे निवेदन केले.

पहिला कार्यक्रम मळ्यातून फेरफटक्याचा होता आणि त्याला वेळापत्रकात वीस मिनिटे दिलेली होती. हे वेळापत्रक ज्याने आखले त्याने आयुष्यात कधी द्राक्षाचा शेतकरी पाहिला नसावा. बोरिवलीकरांनी ‘‘फ्रान्समध्ये ही तोडणी सप्टेंबरात करतात’’ असे म्हटले. गाइडने ‘‘आपल्याकडचे हवामान वेगळे आहे’’ एवढ्यावर विषय मिटवला असता, पण भाऊमामांनी तो उचलला. आपल्याकडे वेलीला थंडीची झोप मिळत नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यात पुढच्या हंगामाची काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, जिच्यावर माल धरतो. त्यामुळे युरोपातली द्राक्षे उन्हाळा संपताना पिकतात आणि आपली थंडीत, हे सर्व त्यांनी एका वेलीची काडी हातात धरून, डोळा कुठे असतो आणि घड कुठल्या डोळ्यातून निघतो हे दाखवत, सावकाश समजावून सांगितले. मग खिशातून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचे यंत्र, काढला. निफाडकडच्या बागायतदाराच्या खिशात हे पितांबरी रंगाचे नळकांडे हंगामात असायचेच. त्यांनी गाइडच्या परवानगीने एक मणी तोडला, त्याचा थेंब काचेवर पिळला आणि नळकांडे उजेडाकडे रोखून ‘‘साडेबावीस ब्रिक्स’’ असे जाहीर केले. खायच्या द्राक्षाला सतरा-अठरा झाली तरी व्यापारी खूश असतो, वाइनच्या द्राक्षाला बावीसच्या पुढे लागते, कारण आंबताना साखरेचाच मद्यार्क होतो. त्यानंतर सातही जणांना त्या नळकांड्यातून निळी आणि पांढरी यांच्यामधली रेघ बघायची होती. यात वीस मिनिटे गेली.

त्यापुढची पंधरा मिनिटे ‘‘किलोला काय भाव देता?’’ या प्रश्नात गेली. गाइड हॉटेल व्यवस्थापन शिकलेला, बिचारा इंदूरकडचा मुलगा. त्याला ओकच्या पिंपात २२५ लिटर वाइन मावते हे पाठ होते, पण द्राक्षाचा भाव त्याच्या अभ्यासक्रमात नव्हता. भाऊमामांच्या चौकशीमागे इतिहास आहे. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, वाइनला सवलती दिल्या, तेव्हा नाशिक जिल्ह्यात अनेकांनी हौसेने वाइनची द्राक्षे लावली. २००८-०९ च्या मंदीत वाइनरींनी माल घेणे कमी केले आणि लहान मण्याच्या, जाड सालीच्या, बियाळ द्राक्षाला बाजारात कोणी खायला घेईना. भाऊमामांनी तेव्हा दोन एकर बाग कुऱ्हाडीने काढली. अंधेरीच्या नववधूने हे ऐकून ‘‘किती वाईट’’ म्हटले आणि त्या वेलीसोबत भाऊमामांचा फोटो घेतला. पुण्याचे दोन मित्र आता स्वतःहून भाव विचारू लागले होते. गाइडने घड्याळाकडे बघितले आणि पुढे कपाळावरचा घाम पुसला. जानेवारीच्या अखेरीस नाशिकला घाम फुटणे ही सोपी गोष्ट नाही.

चाखण्याच्या खोलीत आम्हांला लांबट टेबलाभोवती बसवले आणि प्रत्येकासमोर पाच पेले मांडले. वाइन पेल्यात ओतली जाते ती तीर्थासारखी, म्हणजे तीसेक मिलिलिटर. फरक इतकाच की तीर्थ घेतल्यावर त्यात काय जाणवले हे कोणी विचारत नाही. पेला दांडीला धरायचा, कारण तळहाताच्या उष्णतेने वाइन कोमट होते. मग तो पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघायचा, टेबलावर गोल फिरवायचा, नाक आत घालायचे, आणि या सगळ्यानंतर एक घोट. फिरवलेल्या पेल्याच्या काचेवरून जे ओघळ उतरतात त्यांना वाइनचे ‘पाय’ म्हणतात आणि ते बघून जाणकार माना डोलावतात. ते ओघळ मद्यार्क उडून जाण्यामुळे तयार होतात, वाइन चांगली की वाईट हे त्यावरून अजिबात कळत नाही, असे गाइडनेच प्रामाणिकपणे सांगितले. तरीही पुढचे चार पेले आम्ही सर्वांनी ओघळ बघून माना डोलावल्या.

पहिली शेनिन ब्लाँ. गाइडने एकेकाला ‘‘काय जाणवलं?’’ असे विचारायला सुरुवात केली. कोणाला पेरू जाणवला, कोणाला मध, बोरिवलीकरांना ओले दगड. सौ. म्हणाली, ‘‘लिची.’’ गाइड इतका खूश झाला की त्याने टाळ्या वाजवल्या. ते बाटलीच्या मागच्या लेबलवर छापलेले होते, हे तिने मला रात्री सांगितले. मला विचारल्यावर मी ‘‘थंड’’ म्हणालो. टेबलावर थोडी शांतता पसरली.

दुसरी सोव्हिन्यो ब्लाँ. हिच्यात ढोबळी मिरची शोधायची होती. द्राक्षाच्या पेयात ढोबळी मिरचीचा वास येणे हा दोष नसून गुण आहे, आणि पिरॅझिन नावाचे द्रव्य त्याला कारणीभूत असते, हे गाइडने सांगितले. भाऊमामा पीत नसले तरी त्यांनी प्रत्येक पेला आपल्याकडे ओढून वास घेण्याचा हक्क राखून ठेवला होता. त्यांनी माझा पेला हुंगला, पुन्हा हुंगला आणि म्हणाले, ‘‘माल हिरवा उतरवलाय.’’ गाइडने ही शैलीच असते असे नम्रपणे सुचवले. द्राक्ष जसे पिकते तसे ते द्रव्य कमी होत जाते, हे खरे असल्याचे त्याने कबूल केले, पण लवकर तोडणी ही मुद्दाम केलेली असते, असे त्याचे म्हणणे पडले. ‘‘मुद्दाम हिरवा माल उतरवून वर त्याचे जास्त पैसे?’’ भाऊमामांच्या आवाजात नाराजी नव्हती, शुद्ध आदर होता.

इथे सहा वाजायला आले. छापील कार्यक्रमपत्रिकेत सूर्यास्त सहा वाजून चोवीस मिनिटांनी होता, आणि तो गाइडच्या हाताबाहेरचा होता. उरलेल्या वाइनींचा आस्वाद मग ज्या गतीने घेतला गेला त्याला आस्वाद म्हणण्यापेक्षा निपटारा म्हणणे योग्य ठरेल. ‘‘सावकाश घ्या,’’ असे गाइड सांगायचा आणि पुढचा पेला भरायचा. रोझेची स्ट्रॉबेरी कोणालाच सापडली नाही. शिराझमधली काळी मिरी सर्वांना एकदम सापडली, कारण तोवर मतभेद करण्याची ताकद उरली नव्हती. टेबलाच्या मध्यभागी एक सुबक भांडे होते, ज्यात घोट थुंकून टाकणे शिष्टसंमत असते. परीक्षकांना दिवसाला कित्येक वाइन चाखाव्या लागतात, त्यांच्यासाठी ती सोय. पैसे भरून आलेल्या मराठी माणसाकडून त्या भांड्याने कसलीही अपेक्षा ठेवू नये.

पाचवी वाइन फेसाळ होती आणि ती सूर्यास्तासाठी राखून ठेवली होती. सूर्य क्षितिजाला टेकताच सर्वांनी पेले उंचवायचे, अशी योजना. भरलेले उभट पेले हातांत घेऊन आम्ही उतारावरच्या गच्चीकडे धावलो. फेसाळ वाइनचा पेला घेऊन धावणे हा प्रकार शाळेच्या क्रीडास्पर्धांत का नाही, कळत नाही.

गच्चीवरून खाली धरणाचे पाणी, पलीकडे त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर, आणि त्यांच्यावर सूर्य, असे दृश्य माहितीपत्रकावर होते. प्रत्यक्षात थंडीतल्या स्थिर हवेत साचलेल्या धुळीचा आणि धुराचा एक करडा पट्टा डोंगरांच्या वर हातभर उंचीपर्यंत पसरला होता. सहा वाजून दहा मिनिटांनी सूर्य त्या पट्ट्यात शिरला, गुलाबी झाला, फिकट झाला आणि पुसला गेला. क्षितिज गाठायला त्याला अजून चौदा मिनिटे होती.

आता पेच असा होता की सूर्यास्त झाला की नाही, हे ठरवायचे कोणी? मोठ्या गटात कोणीतरी ‘‘चला, संपलं’’ म्हणाले असते आणि पन्नास माणसे चहाकडे वळली असती. आठ जणांत ही जबाबदारी कोणी घेईना. आम्ही पेले हातांत धरून त्या करड्या पट्ट्याकडे बघत उभे राहिलो. बोरिवलीकरांनी वेळ घालवण्यासाठी माहिती पुरवली की या अक्षांशावर सूर्यबिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडायला सव्वादोन-अडीच मिनिटेच लागतात, आणि ते टेकलेले दिसते तेव्हा प्रत्यक्षात ते आधीच क्षितिजाखाली गेलेले असते; वातावरणातून येताना किरण वाकतात म्हणून ते आपल्याला वर दिसते. ‘‘म्हणजे जो दिसतो तो तिथे नसतो, आणि आज जो तिथे आहे तो दिसत नाही,’’ असे पुण्याच्या एका मित्राने म्हटल्यावर गाइडने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला ओळखीची वाटली. गाडीत ‘‘लाल’’ म्हटल्यावर मी ती पाहिली होती.

पेल्यातले बुडबुडे एकेक करून संपत आले होते. अंधेरीच्या नवऱ्याने तळहात पुढे करून रिकाम्या आकाशात सूर्य झेलल्याचा फोटो काढून घेतला. ‘‘सूर्य नंतर टाकता येतो,’’ असे त्याच्या बायकोने आम्हांला सांगितले. भाऊमामा कठड्याला टेकून फोनवर बोलत होते. थ्री-फेजची वीज रात्री किती वाजता येणार आणि मोटर कोण चालू करणार, याची चर्चा चालली होती. घड्याळात चोवीस मिनिटे झाली तेव्हा गाइडने अत्यंत खंबीर आवाजात ‘‘झाला!’’ असे म्हटले आणि आम्ही आठही जणांनी, भाऊमामांनी फोनसकट, हात उंचावले. वाइन सपक झाली होती. मला कोणी विचारले असते तर मी या वेळी ‘‘थंड’’ही म्हणू शकलो नसतो.

गाडीकडे परतताना फोनवर अभिप्रायाचा अर्ज आला. गाइडला कितपत गुण, वाइनला किती, सूर्यास्ताला किती; शेवटी ‘सहलीत काय सुधारणा हवी?’ असा रकाना, तोही भरणे सक्तीचे. सौ.ने दिव्याखाली थांबून मन लावून लिहिले, ‘‘गट जरा मोठा असावा,’’ आणि मान वर केली, तर गाइड आमच्या शेजारीच उभा होता. तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘‘हे काय लिहिलं आहेस, बघ बरं.’’