साडीला ग्लूनं फॉल लावायचा म्हणे! त्या "७ ट्रिक्स"वाल्या मेसेजबद्दल

"शिवणकामाच्या ७ जबरदस्त ट्रिक्स, टेलरला पैसे देणं बंद करा" असा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मी दुर्लक्षच केलं असतं, पण काल राजारामपुरीतून मावशीचा फोन आला, "अगं, फॉलसाठी तो इन्स्टंट ग्लू आणलाय, किती थेंब टाकू?" लगीनसराईत पिको-फॉलवाले आठ-आठ दिवस साडी देत नाहीत, तिची घाई कळते मला, पण हे नका करू.

मेसेज म्हणतो फॉल शिवू नका, ग्लूचे थेंब टाका आणि बोटानं दाबून धरा. अहो, फॉल बहुतेक सुतीच असतो! या ग्लूमधलं सायनोअॅक्रिलेट सुती कापडात नाहीतर लोकरीत मुरलं की झटक्यात घट्ट होतं आणि तापतं, जास्त पडलं तर धूर निघतो, कातडी भाजते, आणि तुम्ही नेमकं तिथंच बोट दाबणार. एका मोठ्या ग्लू कंपनीच्या सेफ्टी डेटा शीटमधे सरळ लिहिलंय की सांडलेला ग्लू कापडानं पुसू नका, पाणी ओता. बनवणाराच कापड लांब ठेवा म्हणतोय, मग आपण कोण शहाणे? त्यात वाळल्यावर तो टणक होतो, निऱ्यांच्या खालच्या काठाला खडे लागल्यासारखं टोचत राहतं, आणि काढायला अॅसिटोन लावलं तर साडीचा रंग जायची भीती.

फॉल नीट बसवायचा तर आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा. न भिजवलेला फॉल पहिल्या धुण्यात आटतो, साडी तेवढीच राहते आणि काठ चुण्या पडून वर ओढला जातो. मग खालची कड मशीनवर आणि वरची हातानं बारीक टाक्यानं, म्हणजे बाहेरून टाका दिसत नाही.

चिकटवण्याची आयडिया पूर्ण खोटी नाही, हे मान्य करते. इस्त्रीनं चिकटणारी हेम टेप मिळते, पँटची उंची तात्पुरती कमी करायला ठीक आहे. पण ती वेगळी वस्तू.

दुसरी ट्रिक, मशीनला खोबरेल तेल. ते २४ डिग्रीच्या आसपास गोठतं, डिसेंबरात कोल्हापुरात सकाळी बाटलीत काय होतं बघताच की सगळे. मशीनमधे ते जुनं होऊन चिकट बसतं, त्यात कापडाची धूळ, आणि चाक जड. मशीनचं पातळ तेल मिळतं तेच घाला, आणि मग चिंधीवर थोडं शिवून घ्या, नाहीतर पहिला डाग नव्या ब्लाऊजवर.

खाली दोऱ्याचा गुंता झाला की बॉबीन केसचा (खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या डबीचा) स्क्रू पिळा, हेही लिहिलंय. बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. कापड दाबून धरणारा फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवा, कारण फूट खाली असला की दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही. स्क्रूला शेवटी हात लावा.

"सुई मोडेपर्यंत चालते" हे तर नाहीच. बोथट सुई टाके सोडते, कापड ओढते. सुतीला १४ नंबर, जीन्सला १६ किंवा १८, टी-शर्टच्या कापडाला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई.

बाकीच्या तीन ट्रिक्स केल्या काय, न केल्या काय, नुकसान नाही. पण ग्लूचं तेवढं तुमच्या ग्रुपवर आजच सांगा, आणि कुणाच्या बोटाला चिकटलाच तर ओढून काढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा.