सहमत आहे, सर!

साठ जणांच्या वर्गासाठी मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या साइटवर, फोरम (चर्चेचं पान) उघडला की पहिली पोस्ट माझी, दुसरी पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीची आणि उरलेल्या ५९ ‘सहमत आहे, सर’. एवढ्या बहुमतात सरकार सुखाने चालतं. अर्थशास्त्राचा तास चालत नाही.

यात मुलांपेक्षा प्रश्नाचा दोष जास्त. ‘कांदा निर्यातबंदीचे परिणाम लिहा’ म्हटलं की गाइडमधले पाच मुद्दे छपाईच्या चुकांसकट अवतरतात. त्यापेक्षा विचारावं : डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यात थांबवली, तेव्हा लासलगावचा शेतकरी बरोबर की दादरचं गिऱ्हाईक? एक बाजू घ्या आणि तुमच्या घरी गेल्या आठवड्यात कांदा काय भावाने आला तेही लिहा. घरचा भाव गाइडात नसतो. त्यानिमित्ताने काही मुलं आईशी चार वाक्यं बोलतात, हा वरचा नफा.

फोरमचा प्रकार निवडायचा ‘क्यू अँड ए’. त्यात स्वतः लिहिल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही. लिहिल्यावरही लगेच नाही. पोस्ट दुरुस्त करायची मुदत, म्हणजे सहसा अर्धा तास, संपावी लागते. हे आधी सांगितलं नाही तर ‘सर, साइट बंद आहे’ यावर व्हॉट्सॲपवर अशी चर्चा रंगते की हेवा वाटावा.

साठ जण एकत्र नकोत. दहा-दहाचे सहा गट करा. गट वेगळे ठेवलेत तर प्रश्न टाकताना तो सगळ्या गटांत जाईल ती खूण करायला विसरू नका. नाहीतर प्रश्न सर्वांना दिसतो, उत्तर कुणालाच देता येत नाही आणि वर्ग अत्यंत समाधानी असतो. सबस्क्रिप्शन, म्हणजे प्रत्येक पोस्ट ईमेलने येणं, सक्तीचं ठेवू नका. साठही जण एकत्रच असले आणि साठ पोस्ट पडल्या तर सगळ्यांना मिळून ३,६०० पर्यंत ईमेल जाऊ शकतात, आणि त्यात प्राचार्यांना कुणी जोडलं असेल तर बोलायलाच नको.

मुदती दोन हव्यात. तास शुक्रवारी असेल तर स्वतःचं मत मंगळवारी रात्रीपर्यंत, दुसऱ्याला उत्तर गुरुवारी दुपारपर्यंत. एकच मुदत ठेवली की सगळे रात्री ११:५८ ला उगवतात, आणि वाद घालायला दोनच मिनिटं उरतात. अंतर्गत मूल्यमापनात पाच गुण पुरेत. शून्य ठेवले तर कुणी फिरकत नाही, वीस ठेवले तर चॅटजीपीटी फिरकतं.

शब्दमर्यादा शंभर. साठ जणांच्या दोन-दोन पोस्ट म्हणजे बारा हजार शब्द होतात, आणि ते शुक्रवारच्या आत मलाच वाचायचे असतात. सगळ्यांना उत्तर द्यायच्या फंदात पडू नये. सरांचं मत दिसलं की चर्चा तिथेच संपते.

तासाला मात्र या पोस्टचं नाव काढलंच पाहिजे, नाहीतर पुढच्या आठवड्यात फोरम ओस. दोन विरुद्ध पोस्ट नावं झाकून प्रोजेक्टरवर लावायच्या. शेतकऱ्याच्या बाजूने तावातावाने शंभर शब्द लिहिणारा उभा राहून ‘सर, वर लिहिलंय तेच’ एवढंच म्हणतो. त्याला बसवायचं आणि गिऱ्हाइकाच्या वकिलीणबाईंना बोलू द्यायचं. दुसऱ्या वाक्याला हा आपणहून उठतो.